पाळण्यातली सौ. माया

"हे सौ. कोन व्हय?"

म्हातारा माझ्यापुढे वाटी धरून उभा होता. वाटी नवी, स्टीलची, बारशात वाटतात तशी. तिच्यावर मीच नाव टाकलं होतं. सौ. माया रा. ढोले.

"माही नात अजून पाळन्यात बी नाई गेली," म्हातारा म्हणाला, "अन् तुमी तिचं लगन लावून मोकळे? हा ढोले कोन?"

ढोले म्हणजे मी. रा. म्हणजे रामभाऊ. आणि सौ. माया म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर ती गेली. आता कायद्याने कै. लिहायला पाहिजे, पण माझ्या मशीनला ते कोणी सांगितलं नव्हतं.

मी अकोल्यात भांड्याच्या दुकानात नावं टाकतो. दारातच बसतो. पहिले छिन्नी-हातोडीने ठोकायचो, आता विजेचं मशीन आहे. पेनासारखं धरायचं. टोकाला सुई असते, ती थरथरते आणि स्टीलवर ठिपके पडत जातात. ठिपक्याला ठिपका लागला की अक्षर. मी चौथी शिकलो, पण अक्षर वळणदार आहे. शेठ म्हणतो, पुढे शिकले असते तर बिघडलं असतं. या धंद्यात एकच नियम पक्का. नाव टाकलेलं भांडं दुकान परत घेत नाही. दुसऱ्याच्या नावाची वाटी कोण नेईल?

वाट्यांची ऑर्डर पंकज नावाच्या पोराची होती. तो अमरावतीचा, कामाला पुण्यात, बायको अकोल्याची. पहिलं लेकरू, म्हणून बारसं बायकोच्या माहेरी. तो मला म्हणाला, "काका, सगळ्यांवर चि. माया टाका. पण एकेक कागदात गुंडाळून ठेवा. संध्याकाळी आत्या कानात सांगेल, तोवर बाबांना नाव कळायला नको."

"काहून?"

"बाबा प्रवचन करतात."

मला तेव्हा काही समजलं नाही. मी कामाला लागलो.

आमच्या घरात एकही भांडं बिननावाचं नाही. गंज, गडवे, परात, चिमटा, सगळ्यांवर सौ. माया रा. ढोले. मी गॅसच्या लायटरवरही टाकलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "आता गल्लीतल्या कुत्र्यावर बी टाका माहं नाव, म्हंजे कोनी नेनार नाई." ती गेल्यापासून त्या नावाची ऑर्डरच आली नव्हती. त्या दिवशी आली. पहिल्या काही वाट्या नीट झाल्या. मग हात आपल्या चालीने चालू लागला. ढोलेचा ले पूर्ण झाला तेव्हा माझं ध्यान गेलं.

ती वाटी बाजूला ठेवली. बाकीच्या गुंडाळल्या. जेवायची वेळ झाली होती. मे महिना, दुकानात कुलर नुसता गरम हवा फेकत होता. मी डबा उघडला आणि ती वाटी समोर ठेवून भाकर-ठेचा खात बसलो. तेवढ्यात हा म्हातारा आला. शेठला म्हणाला, मी पंकजचा बाप, त्याच्या वाट्या द्या. शेठने माझ्याकडे बोट केलं. म्हाताऱ्याने जी उघडी दिसली तीच उचलली.

मी म्हटलं, "बुवा, ते चुकून झालं. ते राहू द्या."

पण त्याला संशय आला होता. त्याने एका वाटीचा कागद फाडला. चि. माया. दुसरीचा फाडला. चि. माया. मग तो माझ्या पाटावर बसलाच.

"माया! अरे बाप्पा! जल्मभर लोकाइले सांगतलं म्या, माया म्हंजे भरम, मायेच्या नादी लागू नका. आता पाळना हालवून म्हनू का, ये माया ये?"

"नावात काय असते, बुवा," शेठ म्हणाला.

"मंग तुमच्या दुकानावर पाटी कायले लावली? ह्या वाट्या पाळन्यापाशी येनार नाईत. अन् मी बी येनार नाई. चाललो अमरावतीले."

शेठने मला कोपऱ्यात घेतलं. "रामभाऊ, ह्या वाट्या परत आल्या तं तुमी उद्यापासून घरीच बसा."

घरी बसणं काय असतं ते मला दिवाळीनंतर कळलं होतं. घड्याळ वाजते, फ्रीज वाजतो, आणखी काही वाजत नाही. मी शेठला म्हटलं, पोराला फोन लावा.

पंकजने फोनवर आधी कपाळ बडवलं असावं. मग बापाला समजावू लागला. "बाबा, हे नाव जगभर आहे. ग्रीक लोकांच्या पुराणात पण माया आहे. डोंगरातल्या गुहेत राहायची. त्यांच्या देवांचा जो निरोप्या, त्याची ती आई. मे महिन्याला तिच्यावरूनच नाव पडलं म्हणतात. आपली पोरगी पण मे मधलीच ना?"

"तिचा नवरा कोन?"

"नवरा म्हणजे... त्यांच्या देवांचा राजा होता, तो..."

"लगन झालं होतं का?"

"बाबा, नेटवर्क जातंय. मी सासऱ्यांना पाठवतो."

फोन बंद झाला. शेठ म्हणाला, "मंग ही ढोलेची वाटी बरी म्हना. तिच्यावर सौ. तरी हाय."

म्हाताऱ्याने शेठकडे असं पाहिलं की शेठ गल्ल्यामागे गेला.

सासरे म्हणजे इंगळे साहेब. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, बौद्ध माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. घर जवळच होतं, स्कूटीवर आले. हेल्मेट न काढताच बोलू लागले.

"इवाई, तुमी मायेले भरम म्हणता? आमच्याकडं महामाया म्हंजे बुद्धाची आई. पोटुशी असताना तिच्या सपनात पांढरा हत्ती आला होता. माह्या पोरीनं लय इचार करून नाव निवडलं."

"हत्ती आला, मान्य. अन् लेकरू सात दिवसाचं असताना ती मेली. म्या बी वाचलं. पोरीले असं नाव ठेवाव?"

इंगळे साहेबांनी हेल्मेट काढलं. घाम पुसला. "मेली म्हून तिचं नाव कोनी घेऊच नये का?"

माझा डबा उघडाच होता, भाकरीवर माशी बसली होती. मी ती हाकलली आणि बोललो.

"बुवा, ते वाटीवरचं नाव माह्या बायकोचं. नाई राह्यली ती. हातातून टाकल्या गेलं."

म्हाताऱ्याने वाटी पुन्हा वाचली. आवाज उतरला. "कशी होती?"

"भरम नोती. मी दुपारी पंख्याखाली झोपलो का पंखा बंद करे. म्हने, लाइटबिल कोन भरते? भरमाले लाइटबिल नसते, बुवा."

इंगळे साहेब खदखदून हसले. म्हातारा हसला नाही. त्याचं म्हणणं, शास्त्राला लाइटबिल लागू नाही. दोघांचं पुन्हा जुंपलं असतं, पण तेवढ्यात आत्या आली. म्हाताऱ्याची लेक, वंदना. ती बाजूच्या दुकानात लेकराला टोपडं घ्यायला थांबली होती. फाटलेले कागद पाहून तिला सगळं कळलं.

"बाबा, पाळन्यात नाव कोन सांगते? आत्या का आबा?"

"आत्या."

"मंग तुमी काहून बोलून राह्यले?"

तिने वाट्यांच्या पिशव्या उचलल्या. अमरावतीची बस चुकली होतीच. म्हातारा तिच्या मागे गेला.

संध्याकाळी मलाही बोलावणं होतं. इंगळे साहेब स्वतः घ्यायला आले. पाळणा मोगऱ्याने सजवला होता. म्हातारा पार दाराजवळच्या खुर्चीत पाठ करून बसला होता. वंदनाने लेकराच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलबल्यात पोरगी जी रडायला लागली ती थांबेना. आईने घेतलं, आजीने घेतलं, इंगळे साहेबांनी खुळखुळा वाजवला. पंकजने मोबाईलवर गाणं लावलं तर आणखीच.

शेवटी म्हातारा उठला. सगळ्यांना बाजूला सारलं. पाळण्याची दोरी धरली.

"काहून रडतं वं, माया? काय झालं वं मायाले? ये माया ये."

पोरगी काही गप्प झाली नाही. पण म्हाताऱ्याने दोरी सोडली नाही. मी निघताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "भरमच हाय, रामभाऊ. पन आवाज पक्का हाय."

वाट्या परत आल्या नाहीत. मी अजून दारात बसतो.

ती एक वाटी मात्र नियमाने दुकानात ठेवता येत नव्हती. घरी नेली. गंजांच्या ओळीत त्यांच्यासारख्याच नावाची, पण इतकुशी दिसते. माया असती तर म्हणाली असती, एवढ्या वाटीत कोनाचं पोट भरते? मी तिच्यात ठेचा घेतो.

या धंद्यात येणाऱ्याला माझं एकच सांगणं. नाव टाकून झालं की भांडं आधी कागदात गुंडाळावं. मग जेवायला बसावं.