कोनाचा सर आणि न शिकवलेला नाच

ऐका, हे आत्ताच्या आत्ता सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल! गोंदियातले आमचे डान्स क्लासचे सर. नाव पडलं होतं 'कोनाचा सर', कारण गाणं लावायच्या आधी ते विचारणारच, "हा नाच कोनाचा?" उत्तर येईपर्यंत स्पीकर बंद! भांगडा पंजाबच्या शेतकऱ्यांचा. फ्लॅमेंको स्पेनच्या दक्षिणेत रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांनी घडवलेला. साल्सा क्युबाचा, पण त्यातला ताल आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा. म्हणायचे, "ज्याच्या घरी जेवून रायल्या, त्याचं नाव तरी माहीत पाहिजे ना पोरीहो!"

मला मात्र पहिल्या दिवसापासून डाउट. माझी मोठी आई तर म्हणे, "नागपूरच्या पुढं गेला नसन तो, अन स्पेनच्या गोष्टी सांगून रायला!" आणि खरंच, जगातल्या प्रत्येक नाचाचं गाव सांगणारा माणूस स्वतःचं गाव सांगायचा नाही. विचारलं की, "देवरीकडचं," आणि लगेच, "चला, फाइव्ह सिक्स सेवन एट!" फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलायचे. कोणाशी? काय लपवून राहिले होते?

मग एक स्पर्धा आली, विषय आपल्या भागातला नाच. आम्ही म्हटलं, सर, सुवा शिकवा ना! देवरीपलीकडे, छत्तीसगडच्या बाजूला बाया टोपलीत मातीचा पोपट ठेवून त्याच्याभोवती टाळ्या वाजवत नाचतात, तो. सरांचा चेहराच उतरला.

"तो मी शिकवत नाही."

"काऊन सर?"

"नाही म्हटलं ना!"

झालं! सगळ्यांच्या आया सुरू: येतच नसन त्याले, फसवून रायला. एकेक पोरगी क्लास सोडायला लागली. खोली भाड्याची, पोरी नाहीत तर क्लास कसा टिकणार?

दिवाळीत मी देवरीजवळ आत्याकडे होते. घरोघरी नाचून तांदूळ घेणाऱ्या सुवावाल्या बाया अंगणात आल्या. आत्या सूपभर तांदूळ घेऊन गेली, तर पिशवी धरून उभं कोण? कोनाचा सर! मी ओरडलेच, "सर, तुम्ही?"

सर लालेलाल. "माही माय आहे," गोलातल्या एका म्हातारीकडे बघत म्हणाले. "नाच बायांचा, मी पिशवी धरतो. शहरात सांगितलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, सरची माय घरोघरी मागत फिरते."

मायनं ऐकलं. "काबर लजाथस रे?" लाजतो कशाला! जिन्यातल्या फोनवरची भाषा हीच, छत्तीसगडी! असं म्हणत तिनं मलाच हात धरून गोलात ओढलं. सर खाली बघत म्हणाले, "सांग मग सगळ्यांले. माय म्हणते तर सांग."

बाया निघून गेल्या तशी मी क्लासच्या ग्रुपवर धडाधड मेसेज टाकले: सर खोटे नाहीत, त्यांची मायच सुवा नाचते! उत्तर आलं, 'फोटो टाक.' फोटो कुठून टाकू? नाचताना दोन्ही हात टाळ्यांत होते ना! मग दुसरी म्हणे, 'तुले सरनं पढवलं काय?' म्हणजे आता डाउट माझ्यावर!

क्लासला कुलूप लागलं. सर रायपूरला चालले तेव्हा मी बस स्टँडवर गेले. बाजूला माय, मांडीवर बोचकं. विचारलं, "सर, तिकडे तरी सुवा शिकवाल ना?"

"मी कोण शिकवणारा? हिले घेऊन चाललो ना. आता मायच शिकवन."

मला सांगा ना, तुमच्यासोबत झालंय का असं? ज्याच्यावर डाउट घेतला तोच खरा निघाला, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, आणि एकही जण मानायला तयार नाही?