आग्नेय कोपऱ्यातली तांब्याची प्लेट

उखा वायरमनची वायरिंग म्हणजे सुरतेच्या गोडादऱ्यात बघण्यासारखी गोष्ट. बोर्ड ओळंब्यात, स्विच एका रेषेत, आणि खोलीखोलीत तीन भोकांचा झकास प्लग. एका भोकात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आणि तिसऱ्यात, आता खोटं कशाला बोलू, काहीच नाही. हे तिसरं भोक अर्थिंगचं. मशीनच्या पत्र्यात वीज उतरलीच तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता तारेतून निमूट जमिनीत जावं, म्हणून ते असतं. त्यासाठी घरामागे पुरुषभर खड्डा खणून तांब्याची प्लेट, मीठ आणि कोळसा पुरायचा, असा नियम आहे. नियम पुस्तकात आहे, आणि पुस्तक कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही.

"उखाभाई, त्रीजा काणामां कोण जोवा जाय छे?" बिल्डर शेठ म्हणायचे. तिसऱ्या भोकात कोण डोकावतंय, आणि खरंच कोणी डोकावलं नाही. लायसनवाला कंत्राटदार कामरेजला आपल्या ओट्यावर बसून 'अर्थिंग नियमाप्रमाणे' अशा कागदावर सही ठोकायचा. घर बघितलं असतं तर हात धजला नसता, म्हणून बिचारा बघतच नसे. खानदेशातून नवा आला तेव्हा उखा दोन वर्षं कुरकुरला, मग त्यालाही सवय झाली. तो स्वतः राहायचा पत्र्याच्या खोलीत, एक दिवा नि एक पंखा. दुसऱ्याच्या वॉशिंग मशीनची काळजी त्यानं कशाला वाहावी?

आणि सत्त्याण्णव साली त्याची लेक दिपाली लग्न होऊन नेमकी त्यानंच वायरिंग केलेल्या सोसायटीत नांदायला गेली. बावीस घरांची ओळ, तिचं चौदा नंबर. जावई ललित पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. दिवाळीला त्यानं वॉशिंग मशीन आणलं. मोरीतल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून दिपाली बापाला ते कौतुकानं दाखवत होती, आणि उखा मशीनची वायर कुठे जाते ते बघत होता. त्या मोरीतला प्लग त्याच्या चांगल्याच ओळखीचा होता.

सांगून टाकायचं, तर विहीणबाई सरलाबाईंपुढे कोणत्या तोंडानं सांगायचं? तुमच्या घराची वायरिंग मीच खोटी केली, असं? लेकीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणून हा बहाद्दर गेला काशिनाथ भटजींकडे.

त्या वर्षांत वास्तुदोषानं लोकांना नुसतं पछाडलं होतं. चांगले ओटे फोडून इकडचे तिकडे करत होते. अर्थिंगचाच खड्डा वास्तूचा उपाय म्हणून सांगायचा, हा उखाचा तोडगा भटजींना फार आवडला. चौदा नंबरात येऊन त्यांनी डोळे मिटले आणि आग्नेय कोपरा थंड पडलाय असं जाहीर केलं. उपाय म्हणून पुरुषभर खोल तांब्याची प्लेट, भोवती मीठ आणि कोळसा, वर तुळशीची कुंडी, रोज दोन तांबे पाणी. अर्थिंग म्हटलं असतं तर ज्या घरानं हात झटकले असते, त्याच घरानं कुदळ आणून दिली. खड्डा उखानं खणला, अगदी श्रद्धेनं. मग "बोर्ड ढिले झालेत" असं पुटपुटत दिवसभर पाइपांतून हिरवी तार ओढली, एकेका तिसऱ्या भोकाला जोडली आणि थेट प्लेटपर्यंत नेली. त्याचा जीव भांड्यात पडला.

महिन्याभरात उरलेल्या एकवीस घरांनीही भटजींना बोलावलं. एवढे खड्डे खणायचे कोणी? पुरुषभराचा हातभर झाला, आणि तार तर भटजींच्या विधीत नव्हतीच. शेठनं पुढच्या सोसायटीच्या पाटीवर 'ताम्रपटासहित' असं रंगवूनसुद्धा घेतलं. उखाला सगळं दिसत होतं. घराघरात मंत्र झाले, मीठ पुरलं, फक्त विजेला जायला वाट नव्हती. पण त्यानं ब्र काढला नाही. आपल्या लेकीचं झालं ना, बास.

एका रविवारी तो चौदा नंबरात चहा पीत बसला होता. नऊ नंबरातली छाया दारात आली, उजवा हात चोळत. मशीनला हात लावताच झटका बसून ती मोरीच्या भिंतीवर आपटली होती.

"भटजी म्हणतात प्लेट रुसली. पुन्हा शांत करायची," ती म्हणाली. "तुमच्याकडे कोळसे आहेत का, सरलाबाई?"

सरलाबाई कोळशाला उठल्या नाहीत. त्यांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तुळशीच्या कुंडीखाली उतरणाऱ्या हिरव्या तारेकडे, मग उखाकडे.

"व्याही, आमना घरले हिरवी तार शे. छायाना घरले नही. का बरं?"

उखानं काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं. पण समोर छाया उजवा हात डाव्यात धरून उभी होती, आणि थाप काही सुचली नाही. त्यानं सगळं सांगितलं. प्लेट वास्तूची नाही, विजेची आहे. तारेशिवाय ती मातीत पुरलेलं नुसतं तांबं. बावीस घरांत तार त्यानंच टाकली नव्हती, आणि नंतर टाकली ती एकाच घरात. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

आता विहीण आपला उद्धार करणार, म्हणून तो खाली मान घालून बसला. सरलाबाईंचा आवाज मात्र चढला नाही.

"अन् त्या एकवीस घरेसमा कोन्हीच लेक नांदत नही का?"

मोरीच्या दारात उभ्या दिपालीनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, बापाच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि कोपऱ्यातली त्याची पक्कडीची पिशवी आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"नऊ नंबरापासून धरा, आबा."

उखा उठला. "आधी मशीनची पिन काढू," एवढंच तो छायाला म्हणाला. ती कोळसे न घेताच पुढे चालू लागली, अजून हात चोळत.