भिंतीलगतची अंजिरं

शर्मिला खोब्रागडेला एका जागी बसवत नसे. कृषी पदवी घेऊन ती भंडाऱ्याहून पुण्यात आली, सदाशिव पेठेत खोली घेतली आणि एका फळसंशोधन केंद्रात सहायक म्हणून लागली. तिच्याच खोलीत राहणारी नम्रता खराडीला आयटीत होती. तिचं एक काम सहा महिन्यांत संपे. शर्मिलाच्या वाट्याला आला तो चार वर्षांचा प्रयोग: अंजिराचा नवा वाण निम्म्या पाण्यावर पूर्ण फळ देतो का? तिची चुळबुळ पाहून केंद्रप्रमुख महिपती जगदाळे एकदा म्हणाले होते, की आपली घाई झाडांना कळवा, ऐकतात का बघू.

२००९ साली आकडे हाती आले. निम्म्या पाण्यावरची झाडं फळाला तसूभरही कमी नव्हती. जगदाळे जूनमध्ये निवृत्त होणार होते. जाण्याआधी हा वाण शेतकऱ्यांच्या हाती पडावा, ही त्यांची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती. सोमवारी अहवाल समितीपुढे जायचा होता.

पण शर्मिलाला चैन पडेना. तिने झाडागणिक वजनं पुन्हा तपासली. कुंपणाच्या भिंतीलगतची झाडंच सगळी सरासरी वर ओढत होती. शनिवारी दुपारी ती कुदळ घेऊन तिथे गेली. हातभर खणताच माती ओली लागली, तीही भर एप्रिलात.

रोजंदारीवर वीस वर्षं फळं तोलणाऱ्या दुर्गाबाई पलीकडे खुरपत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "तिथं कायम ओल हाय. पल्याडच्या सोसायटीनं हिरवळ केली, तिला रोज पाणी सोडत्यात, तवापासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी इचारलं?"

रविवार तिने पेठेतल्या गल्ल्या पालथ्या घालण्यात काढला. न सांगितलं तर कुणालाच कळणार नव्हतं, आणि तेच तिला टोचत होतं. सोमवारी समिती जमण्याआधी ती जगदाळ्यांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. भिंतीकडची झाडं वगळली, की फळ एक तृतीयांशाने घटत होतं.

जगदाळ्यांनी तिचे आकडे स्वतः एकदा पडताळले. मग अहवाल खणात ठेवत म्हणाले, "मागे घेतो. शेतकऱ्याच्या बांधाला सोसायटी नसते."

जगदाळे तो वाण न देताच निवृत्त झाले. शर्मिलाने भिंतीपासून लांब नवी लागवड केली आणि आणखी पाच वर्षं काढली. या वेळी ती दर आठवड्याला दुर्गाबाईंना विचारी आणि त्या सांगतील ते लिहून ठेवी. निम्मं पाणी पुरलं नाही, पाऊण पुरलं. तशी शिफारस निघाली. जगदाळ्यांनी फोन करून एवढंच म्हटलं, "पाऊण तर पाऊण. खरं आहे ना, झालं."

पुढच्याच उन्हाळ्यात पुरंदरकडच्या एका बागायतदाराचा निरोप आला, की पाऊण पाण्यावर त्याची काही झाडं कच्ची फळं गाळत आहेत. ती झाडं बघायला शर्मिला तडक स्वारगेटच्या एसटी स्थानकावर जाऊन गाडीत बसली. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. ती दोनदा खाली उतरली आणि कंडक्टरला वेळ विचारून आली.