आठ ते साडेआठ

पॉलिशवाल्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, त्याने हात फिरवलेल्या टेबलात माणसाला स्वतःच्या नाकातले केसही दिसत. दोन, तो बायकोवेडा होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी बाहेरगावी काम असलं की रोज संध्याकाळी तिला फोन. बोलणं काय, तर, "जेवलीस का? मीपण जेवलो. बरं." त्याचा जोडीदार सुतार म्हणायचा, "एवढ्यासाठी फोन कशाला, इथूनच एक शिट्टी मारायचीस."

आणि असा हा बायकोवेडा माणूस शेण खाऊन आला.

लांबच्या एका हॉटेलात चार महिने काम होतं. एकशे दहा दारं, तेवढीच कपाटं. तिथं धुलाईखात्यात एक हसरी बाई होती. पुढचं ज्यांना कळायचं त्यांना कळलंच. बाकीच्यांनी सुताराला विचारावं, तो तिखटमीठ लावून सांगतो. घरी परतला, तीन दिवस मोठ्या आनंदात गेले आणि चौथ्या दिवशी लघवीला अशी आग झाली की गडी भिंत धरून उभा राहिला.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयाने लहान, जिभेने मोठी. तपासणी झाल्यावर म्हणाली, "क्लॅमिडिया. शरीरसंबंधातून होतो. पुष्कळांना होतो, गोळ्यांनी बरा होतो, तोंड पाडू नका. डॉक्सीसायक्लिन, सकाळी एक, रात्री एक, सात दिवस. चौदाच्या चौदा घ्यायच्या. घरातल्यांना घेऊन या, त्यांना त्रास नसला तरी. आणि दोघांच्या गोळ्या संपेपर्यंत जवळ जायचं नाही."

"आणतो," तो म्हणाला. आणली नाही. कंबर धरलीय असं सांगून सतरंजीवर झोपायला लागला.

आता त्याचा मूर्खपणा नीट समजून घ्या, कारण तो साधा नव्हता, धंद्याचा होता. पॉलिशवाले डबा कधी खरवडून संपवत नाहीत. काम चमकलं की थांबायचं आणि तळाचं थोडं झाकण लावून ठेवायचं, टचिंगसाठी. पुढे कधी ओरखडा उठला तर त्याच रंगाचं हाताशी असावं. तिसऱ्या दिवशी आग थांबली. म्हणजे काम चमकलं. उरलेल्या आठ गोळ्या त्याने काचेच्या बरणीत घातल्या, वर चिकटपट्टीवर तारीख टाकली आणि बरणी स्पिरिटच्या बाटलीमागे ठेवली. कंबरही लगेच बरी झाली. इतका व्यवस्थित मूर्ख शोधून सापडायचा नाही.

दीड महिन्याने बायकोला पाळी नसताना डाग दिसू लागले. ती सरकारी छापखान्यात बाइंडिंगला होती. जाड रजिस्टरं शिवायची, फार बोलायची नाही. कुणाला न सांगता डॉक्टरीणबाईकडे जाऊन आली आणि टेबलावर गोळ्यांचं पाकीट ठेवून नवऱ्यासमोर बसली.

"तुमच्या गोळ्या कुठं आहेत?"

"कसल्या गोळ्या?"

"डॉक्टरीणबाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही. नवऱ्याची तपासणी झालीय का, एवढंच विचारलं. आणि मला नवरा एकच आहे."

तो उठला, बरणी घेऊन आला. तिने तारीख वाचली, गोळ्या मोजल्या.

"टचिंगसाठी?"

"हो," तो म्हणाला. खरं बोलण्याची ही काही वेळ नव्हती, पण तोंडातून गेलं. ती ओरडली असती, बरणी फोडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त त्याची उशी आणि चादर बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. जुन्या आठ गोळ्या तिथंच जमा झाल्या, त्यालाही नवं पाकीट मिळालं. डॉक्टरीणबाईने बजावलं, "दुधाबरोबर नको. भरपूर पाण्याबरोबर. आणि गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं. नाहीतर अन्ननलिका भाजून निघते."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "गोळी माझ्यासमोर घ्यायची. तुमच्या हिशेबावर माझा विश्वास उरला नाही."

म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ, दाराबाहेरच्या बाकावर दोघं बसू लागली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, हातात पाण्याचे पेले, पाठी ताठ. समोरची शेजारीण रोज बघायची. शेवटी तिने आपल्या नवऱ्याला सुनावलं, "बघा, या वयातही कशी शेजारी शेजारी बसतात. नाहीतर तुम्ही."

पहिले दोन दिवस ती रस्ता बघायची, तो पेल्याचा तळ. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तिकडच्या बाईला कळवलंत?"

"नाही."

"लावा फोन. तिलाही औषध मिळायला हवं."

त्याने तिच्यासमोर फोन लावला. पलीकडचं ऐकून त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"तिला आधीच कळलं होतं. गोळ्या घेऊन झाल्या म्हणाली. पूर्ण."

"पूर्ण," बायको म्हणाली. "शहाणी आहे."

त्या अर्ध्या तासाची त्याला चटक लागली. सहा वाजल्यापासून तो घड्याळाकडे बघायचा. चार महिने रोज जिला जेवलीस का म्हणून विचारलं, तिच्या तर्जनीवर दोऱ्याने पडलेला खोल चर त्याने आत्ता पाहिला. नखांच्या कडेला खळ वाळलेली. मान अवघडली की ती डावीकडे कलती करते, हेही त्याला नवीनच. हात लांब केला तर पोचेल एवढंच अंतर, आणि तेवढंच पार होत नव्हतं. परगावी असताना तिची आठवण यायची, ती सोसायची सवय होती. समोर बसलेल्या माणसाची आठवण कशी सोसायची, ते कुणी शिकवलं नव्हतं.

"रजिस्टरातलं मधलं पान फाटलेलं असलं तर तुम्ही बाइंडिंगवाले काय करता?" त्याने पाचव्या दिवशी विचारलं.

"ठेवूनच शिवतो. काढलं तर त्याच्या जोडीचं पान सुटतं."

त्याचे डोळे भरून आले. ती खरंच रजिस्टरबद्दल बोलत होती.

सातव्या दिवशी दुपारी तो एकटाच दवाखान्यात पोचला. "बाई, आणखी सात दिवस घेतल्या तर?"

"त्रास आहे?"

"नाही."

"मग कशाला? आधी अर्ध्यात सोडता, आता दुप्पट मागता. तीन महिन्यांनी दोघं पुन्हा तपासणीला या, आणि तोवर गोळ्या विसरा."

त्या रात्री दोघांनी शेवटची गोळी घेतली. तिने आज अर्धा तास मोजलाच नाही. वीस मिनिटांनीच पेला उचलून आत गेली. दार लागलं. तो मात्र साडेआठपर्यंत ताठ बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो पाण्याचा पेला घेऊन बाकावर. गोळी नाही, काही नाही. ती कामाला निघाली, त्याला वळसा घालून गेली. रात्री आठला पुन्हा तो, पुन्हा पेला. सुतार जाता जाता थांबला. "अरे, औषध संपलं ना?"

"संपलं."

"मग?"

"पाणी चांगलं असतं."

असे अकरा दिवस गेले. मोठ्या कामाचा निरोप आला, त्याने दुसऱ्या माणसाचं नाव सुचवलं. शेजारणीने दोघांत बिनसलंय हे ताडलं आणि आपल्या नवऱ्याला माफ केलं.

बाराव्या रात्री दार उघडलं. ती बाहेर आली, हातात काही नव्हतं. रस्त्याकडे बघत म्हणाली, "सरका जरा."

तो इतक्या घाईने सरकला की पेल्यातलं निम्मं पाणी मांडीवर सांडलं, आणि बाकाच्या पार कडेला जाऊन अर्धा अधांतरी बसला. मध्ये आणखी एक माणूस ऐसपैस मावला असता.

ती बसली. त्या रिकाम्या जागेकडे तिने पाहिलं.

"एवढंही नको," ती म्हणाली.