टाकीवरचं ट्रेनिंग

आमच्या एम.एस्सी.ला शंभर मार्क ट्रेनिंगचे होते. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात सहा आठवडे एखाद्या प्रयोगशाळेत काम करायचं आणि पुढच्या वर्षी त्या कामावर तोंडी परीक्षा द्यायची. ट्रेनिंग नाही तर डिग्री नाही. हेडसाहेबांनी वर्गात येऊन सांगितलं, "अपना-अपना इंतज़ाम खुद कर लीजिए," आणि मागच्या बाकावरची पोरं हसली. त्यांचे इंतजाम होळीच्या आधीच झालेले होते. कुणाचे मामा औषधांच्या कारखान्यात, कुणाचे जिजाजी सरकारी लॅबमध्ये. मामांनी एक चिठ्ठी लिहायची, भाच्याने ती नेऊन द्यायची, की झालं ट्रेनिंग.

माझे मामा नागपूरला विड्या वळायचे. त्यांच्या चिठ्ठीवर मला फार तर एक बंडल विडी मिळाली असती.

हे रडगाणं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं आणि मी ती चढले, एवढंच सांगायचं आहे. बाबा लखनौला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही आलमबागेकडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे मराठी घरं पाच, पाचही बौद्ध, पाचही नागपूर-भंडाऱ्याकडची. त्यामुळे बाबांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: लखनौत मराठी बोलणारा माणूस म्हणजे आपलाच माणूस. भेटला की जय भीम म्हणायचं, निघाला की जय भीम म्हणायचं. मराठीत 'नमस्कार' असाही एक शब्द आहे, हे आम्ही जवळपास विसरलो होतो.

वर्गातली एक मुलगी म्हणाली, "यार, तू क्यों रो रही है? महानगर में एक साइंटिस्ट रहते हैं, तेरे मराठी वाले. उनके यहाँ हर साल ट्रेनी लेते हैं." मी रडत नव्हते. पण घरी येऊन ही बातमी सांगितली. बाबांचा चेहरा असा खुलला की जणू ट्रेनिंग झालंच.

"अवो, आपला माणूस आहे म्हणते पोरगी," ते आईला म्हणाले. "रविवारी जाऊन येऊ."

आईने त्यांना लग्नातला कोट घालायला लावला. नागपूरहून आलेला संत्रा बर्फीचा डबा पिशवीत घातला. "हात हलवत नाही जायचं कोणाकडं," ती म्हणाली.

महानगर कॉलनीतलं ते घर छान होतं. फाटकावर मधुमालती, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. साइंटिस्ट साहेबांच्या बायकोला आमची मराठी ऐकून खरंच आनंद झाला. "अगंबाई, किती दिवसांनी घरात मराठी! आमची मुलं सगळी हिंदीतच उत्तरं देतात हो." तिने चकल्या आणल्या, चहा आणला. साहेबांनी माझे मार्क विचारले. मी सांगितले. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"नागपूरचे, साहेब," बाबा म्हणाले.

"वा. आम्ही सांगलीकडचे. नागपूर काही फारसं पाहिलेलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सोमवारी ये. गेटवर तुझा पास करून ठेवतो. परक्या मुलखात आपल्या मुलींसाठी आपणच करायचं, नाही तर कोण करणार?"

मी म्हटलं, "सर, कॉलेजला द्यायला दोन ओळी लिहून मिळाल्या असत्या तर..."

इथे बाबांनी मला कोपर मारलं. हेच बाबा वर्कशॉपमध्ये युनियनचे माणूस. साध्या सुट्टीचीही तोंडी मंजुरी ते घेत नसत. फोरमन म्हणायचा, "भैया, कह तो दिया," आणि बाबा म्हणायचे, "कहा वो हवा में गया, लिख के दीजिए." सगळ्या शेडमध्ये त्याची चेष्टा व्हायची. आणि त्या रविवारी, आयुष्यात पहिल्यांदा, ते म्हणाले, "लिहून कशाला? साहेबांनी शब्द दिला ना."

आम्ही उठलो. दारात बाबांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम, साहेब. जय भीम, बाई."

कुणी काही वाईट बोललं नाही. साहेब म्हणाले, "हो, हो. नमस्कार." त्यांच्या बायकोने कपबश्या उचलायला सुरुवात केली. आम्ही अजून चपला घालत होतो.

सोमवारी गेटवर माझ्या नावाचा पास नव्हता. मंगळवारी नव्हता. बुधवारी गेटवरचा चौकीदार मला ओळखू लागला आणि त्याने मला पाणी दिलं, पण पास नव्हता. त्या दिवशी आतून एक बाबू आला नि म्हणाला, "साहब कह रहे हैं, इस साल जगह नहीं है."

मी गेले नाही. सायकल गेटसमोरच्या कडुनिंबाखाली लावून उभी राहिले. दुपारी जेवायला जाताना साहेबांची स्कूटर बाहेर आली. मी समोर गेले.

"सर, रविवारी जागा होती."

त्यांनी स्कूटर बंद केली नाही. "हे बघ, तू हुशार आहेस. तुमच्या लोकांसाठी सरकारच्या एवढ्या योजना आहेत. तिकडे प्रयत्न कर. इथे एखाद्या गरजू मुलाला मिळू दे जागा."

"मी योजना मागायला आले नव्हते सर. ट्रेनिंग मागायला आले होते. आणि रविवारी चहाच्या वेळी मी 'आपली मुलगी' होते. 'तुमचे लोक' मी कधी झाले?"

"फार उद्धट बोलतेस तू."

"हो सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरंच होतं ते.

घरी आई बाबांवर घसरली. "दोन हात जोडून नमस्कार म्हटलं असतं तर जीभ झडली असती का तुमची? पोरीचं वर्ष जाऊन राहिलं! आणि बर्फीचा डबाबी गेला. स्टीलचा होता तो!"

बाबांनी वर्कशॉपचा शर्ट काढून खुंटीला टांगला. मग म्हणाले, "जय भीम म्हटलं त्याचं मले काही वाटत नाही. ते काय मी खिशात लपवून ठेवू? पण लिहून नाही घेतलं, ते चुकलं. मराठीत बोलला ना तो. म्हणून वाटलं, याचं काय लिहून घ्यायचं."

लखनौत पंधरा वर्षं त्यांनी हिंदीतल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. फसले ते मराठीत. मला त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. बाबांकडे मातृभाषा म्हणून जी एक सुरक्षित जागा होती, ती त्याने चकलीच्या ताटलीबरोबर उचलून नेली.

सुट्टी लागायला थोडेच दिवस उरले होते. आमच्या क्वार्टरच्या नळाला उन्हाळ्यात कधी कधी औषधाचा वास यायचा. तो वास घेत भांडी घासताना मला सुचलं की हे पाणी कुणीतरी तपासत असणार, आणि जो तपासतो त्याच्याकडे प्रयोगशाळा असणारच. दुसऱ्या दिवशी मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला गेले. मोठी टाकी, पंपांची घरघर आणि एका कोपऱ्यात तीन खोल्यांची लॅब. तिथले केमिस्ट अस्सल लखनवी. त्यांनी मला इतक्या अदबीने नकार दिला की तो नकार आहे हे कळायला वेळ लागला.

"तशरीफ़ रखिए, बेटी. पर यहाँ आज तक कोई लड़की नहीं आई."

"आज आ गई, सर."

"जी, वो तो देख रहा हूँ. लेकिन यहाँ ज़नाना इंतज़ाम नहीं है. आप समझ रही हैं न?"

समजत होतं. संडास नव्हता. हुशारी, मार्क, जात, चिठ्ठी, या सगळ्यांतून पार पडलेली पोरगी शेवटी संडासापाशी अडते, हे पुरुषांना माहीत नसतं. मी उठून बाहेर गेले. अंगणापलीकडे पंपवाल्याचं क्वार्टर होतं. त्याची बायको दारात काकड्या चिरत बसली होती. तिला सरळ विचारलं. ती हसून हसून लाल झाली. म्हणाली, "हाँ बिटिया, इसमें पूछना क्या! बाल्टी खुद भर लेना." मी परत आत जाऊन सांगितलं, "इंतज़ाम हो गया, सर."

केमिस्ट साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीतून त्या क्वार्टरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कॉलेज से लिखवा लाइए. रख लेंगे."

आता उरले हेडसाहेब. ते चिडलेच. "पानी की टंकी पर ट्रेनिंग? ये पोस्ट-ग्रेजुएट डिपार्टमेंट है कि नगरपालिका? नंबर नहीं मिलेंगे इसके."

नियम नोटीस बोर्डावर लावलेला होता. मी तो पाठ केला होता: कोणतीही सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळा. मी तो म्हणून दाखवला.

"नियम मुझे मत सिखाइए."

"नहीं सर. आप बस लिख दीजिए कि सरकारी लैब मंज़ूर नहीं है. मैं ऊपर दे दूँगी."

खोलीत दोन लेक्चरर बसले होते. एकाने वर्तमानपत्र वर उचललं. हेडसाहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. 'नाही' म्हणायला लोकांना काही लागत नाही. तेच सहीनिशी लिहायला सांगितलं की हात जड होतो. त्यांनी पाच मिनिटं मला उभं ठेवलं आणि मग कॉलेजच्या कागदावर परवानगी लिहून दिली. इतक्या रागाने की सहीच्या शेवटी कागद फाटला.

सहा आठवडे मी सायकलने गेले, लूच्या गरम वाऱ्यात, तोंडाला ओढणी गुंडाळून. वर्गातल्यांनी माझं नाव 'टंकी वाली' ठेवलं. नदीचं पाणी सहा पेल्यांत घ्यायचं, प्रत्येकात तुरटी वेगवेगळी घालायची, सारखं ढवळायचं आणि कोणत्या पेल्यात गाळ आधी बसतो ते पाहायचं. त्यावरून त्या दिवशी सगळ्या शहराच्या पाण्यात किती तुरटी पडणार ते ठरायचं. केमिस्ट साहेब काही फार शिकवणारे नव्हते. दुपारी डुलक्या घ्यायचे. पण एकदा मी घाईत आकडा सांगितला तेव्हा झोपेतूनच म्हणाले, "बेटी, ये आपकी प्रैक्टिकल की कॉपी नहीं है, लोग पिएँगे." मी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. पेले धुतले, पाणी घेतलं, ढवळलं. आकडा खरंच वेगळा आला.

पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक आणि शेजारी आमचे हेडसाहेब. परीक्षकांनी माझे कागद चाळले.

"वॉटर वर्क्स? सब लोग तो रिसर्च लैब में गए हैं. आप वहाँ क्यों गईं?"

हेडसाहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांना हे उत्तर ऐकायचं होतं. मी ते आधी घरी ठरवून आले होते, त्यात समाजसेवा होती, शहराचं आरोग्य होतं. तोंडातून निघालं दुसरंच.

"क्योंकि उन्होंने मुझे लिया, सर. जहाँ पहले गई थी, वहाँ मेरे बाबा का नमस्ते पसंद नहीं आया."

परीक्षकांना काही कळलं नसावं, किंवा कळलं असावं. त्यांनी तुरटीवर विचारलं, क्लोरीनवर विचारलं, पावसाळ्यात काय बदलतं ते विचारलं. एका प्रश्नाला मी अडले. अडले ते अडले म्हणून सांगितलं. बाकीचं मी हाताने केलेलं होतं, ते बोलायला पुस्तक लागत नव्हतं.

ट्रेनिंगचे मार्क लागले तेव्हा मला बासष्ट होते. मामा-जिजाजीवाल्यांतले बरेच ऐंशीच्या वर. बोर्डासमोर हेडसाहेब भेटले. खूश होते. मी पास झाले म्हणून असेल, किंवा बासष्टच मिळाले म्हणून.

"चलिए, टंकी के हिसाब से अच्छे नंबर आ गए आपके."

"टंकी के हिसाब से कम हैं, सर," मी म्हटलं. "वहाँ इतनी ग़लती पर पूरा शहर बीमार पड़ता है."

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी सायकलकडे वळले. पोस्ट ऑफिस बंद व्हायच्या आत मला नोकरीचे अर्ज टाकायचे होते.