विमानतळाच्या रस्त्यावरचा अर्धा दुनम

७ एप्रिल १९९४ रोजी जौदत पिंजाऱ्याने अम्मानच्या दक्षिणेला, विमानतळाच्या रस्त्यापासून बरीच आत, अर्धा दुनम जमीन घेतली. किंमत एक हजार तीनशे पन्नास दिनार. अर्धा दुनम म्हणजे पाच गुंठ्यांपेक्षा किंचित कमी. त्यातले सहाशे दिनार त्याने साठवलेले होते. बाकीचे सुहैलाच्या, म्हणजे बायकोच्या, सहा बांगड्या मोडून उभे राहिले. तिने त्या स्वतःच हातातून काढल्या, रुमालात बांधल्या आणि म्हणाली, "हातात नुसत्या वाजतात. जमिनीवर निदान झोपता तरी येईल."

जौदत लोकरीच्या गाद्या भरायचा. वहदातच्या बाजारात त्याचं एका खणाचं दुकान होतं, आणि त्या भागातल्या निम्म्या नवऱ्या मुली त्याने भरलेल्या गाद्या घेऊन सासरी गेल्या होत्या. दर वर्षी मेंढ्यांची कातरणी झाली की तो लोकर आणायला हाज शबीबकडे जायचा. शबीब जातीचा बदू, वाळवंटातल्या मेंढपाळ टोळीचा. मेंढरंही त्याची आणि भोवतालचा माळही त्याचाच. दोघांची रीत ठरून गेली होती. जौदत शबीबच्या तंबूत गादीवर टेकला की कडू कॉफीचा छोटा कप हातात यायचा. तो एका घोटात संपवायचा, पुरे म्हणून मनगटातून हलवायचा, कप परत द्यायचा, आणि मगच तराजू निघायचा.

अशाच एका वर्षी लोकर मोजता मोजता जमिनीचं बोलणं निघालं. शेतजमिनीचे इतके लहान तुकडे सरकारदप्तरी लागत नसत, तेव्हा सगळे करत तेच यांनी केलं. साधा कागद, दोन साक्षीदार, खाली सह्या-अंगठे. शबीबने अंगठ्यावरची शाई पुसली आणि म्हणाला, "कागद तुझ्या बायकोच्या समाधानासाठी. तुझ्यामाझ्यात जबान पुरे." मग त्याने चार कोपऱ्यांना चार मोठे दगड टाकून दिले.

जौदत दर वर्षी लोकर घ्यायला गेला की त्या दगडांना चुना लावून यायचा. दुकानाशेजारचा न्हावी वजीह याला त्यावरून चेव यायचा. खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या जमीनदारांना ओळखता ना? लांडग्यांना भाड्याने दिलीय जागा. भाडं थकलंय म्हणून वसुलीला जातात." जौदतही हसायचा. भाड्याच्या दोन खोल्यांत तीन मुलं वाढवताना त्या माळाचा विचार त्याला उशीसारखा होता, डोकं टेकायला.

मग स्पंजच्या गाद्या आल्या आणि लोकर मागे पडली. शहर दक्षिणेकडे सरकत गेलं. २००७ साली तो माळ शहराच्या हद्दीत आला, लहान तुकडे दप्तरी लावायची सोय झाली, आणि जिथे लांडगे फिरायचे तिथे बंगल्यांच्या वसाहतीच्या पाट्या लागल्या. अर्ध्या दुनमाला आता तीस हजार दिनार येत होते. शबीब मात्र आदल्याच वर्षी वारला होता. दोन्ही साक्षीदार त्याच्याही आधी गेले. जमीन शबीबच्या तीन मुलांच्या नावावर चढली आणि ती सगळीच्या सगळी एका बांधकाम कंपनीला देण्याचं त्यांचं बोलणं चालू आहे, असं कानावर आलं.

जौदत वकिलाकडे गेला. वकिलाने कागद उलटसुलट पाहिला आणि सरळ सांगून टाकलं की नोंदणीबाहेरच्या विक्रीला कायदा विक्री मानत नाही. फार तर दिलेले तेराशे पन्नास परत मिळतील. घरी येऊन त्याने हे सुहैलाला सांगितलं. तिने भांडी घासायला घेतली आणि तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहायचं जौदतने टाळलं.

राहिला एकच मार्ग: जाहा घेऊन जाणं. चार मानाची माणसं सोबत न्यायची, यजमानाने कॉफी पुढे केली की कप तोंडाला न लावता खाली ठेवायचा, मागणं मांडायचं, आणि होकार आला की मगच प्यायचं. खाली ठेवलेला कप निवत ठेवणं घराला कमीपणाचं, म्हणून नकार देणारा दहादा विचार करतो. पिंजाऱ्याच्या ओळखीत मानाची माणसं कुठली? मशिदीत अजान देणारे मुअज्जिन आले, निवृत्त मास्तर सबरी बोलायला तयार झाले, आणि वजीह न्हावी दाढी करून, इस्त्रीचा कोट घालून आला. वाटेत म्हणाला, "लांडग्यांच्या बाजूने मी बोलतो."

शबीबच्या घरी तंबूऐवजी आता दगडी बैठक होती. थोरला मुतलक, सैन्यातून निवृत्त झालेला, मधोमध बसला होता. धाकटा फहद कॉफी घेऊन उठला. रीतीप्रमाणे पहिला कप सबरी मास्तरांना जायचा. पण या चौघांतला एकच पाहुणा फहदच्या लहानपणापासून ओळखीचा होता, त्याने तो जौदतच्या हातात दिला. आणि जौदतच्या हाताने तीस वर्षांचं वळण गिरवलं. एका घोटात कॉफी संपली. कप हलला. परत गेला.

मास्तरांचं भाषण तसंच राहिलं. वजीहने डोळे मिटून घेतले. कॉफी प्यायलेल्या पाहुण्याचं काही मागणं उरत नाही, हे त्या बैठकीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तीस हजार दिनार, सहा बांगड्या, सगळं त्या एका घोटाबरोबर पोटात गेलं होतं.

फहद हसू दाबत म्हणाला, "चला, जाहा आटोपली. जेवायला वाढायचं का?"

"बस खाली," मुतलक म्हणाला. मग त्याने रिकामा कप फहदच्या हातातून घेतला. "काका, मागायला आलेला माणूस कप खाली ठेवतो."

"चूक झाली, बाबा. तुझ्या वडिलांसमोर बसल्यासारखं वाटलं."

"चूक कसली? दुसऱ्याचं असतं ते मागतात. तुमची जमीन तुम्ही आमच्याकडे कशाला मागाल?"

मधल्या भावाने हळूच आठवण करून दिली की कंपनीला सलग तुकडा हवा आहे, कोपरा गेला तर भाव पडेल. मुतलक म्हणाला, पडू दे. वडील दर वर्षी चुना लावलेले दगड दाखवून सांगायचे, इथून आत मेंढरू घालू नका, ते पिंजाऱ्याचं आहे. "मेंढरांनी ऐकलं. आपण नको ऐकायला?"

जौदतला रडू आलं, आणि ते लपवायला त्याने आणखी एक कप मागितला. वजीहने मात्र पाहुणचार सोडला नाही. दोनदा भात घेतला.

महिन्याभरात मोजणी होऊन जमीन जौदतच्या नावावर लागली. अर्धी विकली, उरलेल्या अर्ध्या जागेत तीन खोल्या बांधल्या, आणि सगळ्यात आधी सुहैलाच्या सहा बांगड्या केल्या. आता तो सत्तरीत आहे. अंगणात चारांपैकी दोन दगड आहेत, त्यांना तो अजून चुना लावतो. मुतलकच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्याने दुकानातलं लोकर पिंजायचं जुनं धनुकलं बाहेर काढलं आणि लोकरीच्या चार गाद्या भरून दिल्या. पैसे घेतले नाहीत. नमाजानंतर मुलांसाठी दुआ मागतो, त्यात शबीबचं नाव आधी येतं.

मोजणीच्या दिवशी जौदतचे पैसे कमी पडले होते, तेव्हा मुतलकने भरलेले पस्तीस दिनार अजून द्यायचे आहेत; तो घेतच नाही.