पिंपातला ढोल

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू तयार विकत आणलेली नाही. अपवाद फक्त बायकोचा. ती तेवढी तयार मिळाली, आणि तिच्यातही गेली चाळीस वर्षं ते बारीकसारीक सुधारणा सुचवत असतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरी कचेरीत कारकुनाची, पण ती घर चालवण्यापुरती. खरा माणूस संध्याकाळी हातात सोल्डरिंग गन आली की जागा व्हायचा. त्यांच्या घरात कुठल्याही बटणाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आमच्या सासरवाडीचा अलिखित नियम आहे. बेल दाबली की स्वयंपाकघरात लाल दिवा लागतो, कारण फोडणीच्या आवाजात ताईला बेल ऐकू येत नाही, असा त्यांचा शोध. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं एक यंत्रही त्यांनी केलं होतं. ते इतकं इमानदार, की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजायचं. त्यामुळे ताईकडे जेवायला गेलं की डाळ दाताखाली यायची. मी एकदा तसं म्हणालो, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अहो साडू, यंत्र बरोबर आहे. शेजारणीला सांगायला हवं, तिने जरा थांबून कुकर लावावा." आपण चुकलो, हा पर्याय त्यांच्या हिशेबात कधी नव्हताच. गंमत म्हणजे हे सगळं ते इतक्या गोड आत्मविश्वासाने सांगायचे, की ऐकताना शेजारीणच चुकतेय असं आपल्यालाही वाटू लागायचं.

पण मला सांगायचं आहे ते पिंपाबद्दल, आणि त्यासाठी आधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमची सासरवाडी वसईजवळच्या जूचंद्र गावची. सासरे गेल्यावर सासूबाई पावसाळ्याचे चार महिने ताईकडे राहायला येत. तोवर त्यांचे कान पुरते गेले होते. कानातलं यंत्र शिटी मारतं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं होतं. घरोघरी सीडी प्लेअर आले, त्या सुमारास धाकट्या मेहुण्याच्या लग्नाच्या कॅसेटची कोणीतरी सीडी करून आणली. त्यात हळदीच्या मांडवात सासरे ढोलवाल्याच्या गळ्यातला ढोल काढून स्वतःच्या गळ्यात घालतात आणि चांगली तीन मिनिटं वाजवतात. पुढे वर्षभरात ते गेले. सासूबाई तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगायच्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायच्या. एका रविवारी आम्ही सगळे तिथे असताना त्या म्हणाल्या, "वाजवतात ते दिसतं, पन मना आवाज नाय येत." ताई उठून आत गेली. साडू मात्र सासूबाईंच्या समोर जाऊन बसले आणि त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून तोंड मोठं करून म्हणाले, "आई, ढोल काय कानाने ऐकतात होय? ढोल छातीत ऐकतात. दसऱ्याच्या आत ऐकवतो!" दसरा झाला की सासूबाई परत जूचंद्रला जात, म्हणून ही मुदत.

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. करायचा होता सबवूफर, म्हणजे घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज काढणारा मोठा स्पीकर. बाजारात तो मिळत होता, पण बाजारातला आणला तर ते आमचे साडू कसले? नालासोपाऱ्याच्या एका मंडपवाल्याकडे जळून पडलेला बारा इंची स्पीकर त्यांनी मागून आणला आणि त्याची कॉइल स्वतः गुंडाळली. अँप्लिफायर जुन्या स्टॅबिलायझरच्या खोक्यात बसवला. प्रश्न स्पीकर बसवायच्या पेटीचा होता. प्लायवूडचे चौकोनी कोपरे आवाज खातात, पेटी गोल हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यांची नजर ताईच्या पाण्याच्या निळ्या पिंपावर गेली. ज्या मनवेलपाड्यात दिवसाआड अर्धा तास पाणी येई आणि बायका दागिन्यांपेक्षा पिंपं जपत, तिथे भरल्या घरातलं पिंप या माणसाने पाण्याच्या वापरातून काढलं! ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. साडूंना ते बरंच वाटलं, कारण तेवढ्या शांततेत त्यांनी पिंपाला आतून गच्चीच्या गळतीवर लावतात त्या डांबराच्या पट्ट्या चिकटवल्या. प्लास्टिक थरथरू नये म्हणून हा उपाय. सगळ्या जिन्यात नव्या रस्त्याचा वास पसरला. स्पीकर तळाला, तोंड खाली करून बसवला, पिंप चार लाकडी पायांवर उभं केलं आणि वरच्या झाकणात हवा यायला-जायला चार इंची पीव्हीसी पाइप. मला फोन करून म्हणाले, "रविवारी या. आईंच्या छातीत ढोल वाजणार." दसरा तेव्हा आठ दिवसांवर होता.

रविवारी आम्ही वसईहून पोचलो, तर साडू खाली वायर आणायला गेलेले, ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, आणि नळाला पाणी आलेलं होतं. सासूबाई नळाला लावलेली रबरी नळी हातात धरून हॉलमध्ये उभ्या होत्या. नळीचं दुसरं टोक पीव्हीसी पाइपात होतं. माझी बायको "आई, नको!" म्हणून ओरडली, मी ओरडलो, पण आमच्या ओरडण्याचा सासूबाईंना काय उपयोग? आम्ही धावत जाऊन नळी ओढेपर्यंत पिंप निम्म्यावर आलं होतं आणि तळातून धार लागली होती. सासूबाई आमच्याकडे बघून समाधानाने म्हणाल्या, "पानी आलेलं. पिप रिकामा दिसला, मीनी भरला." जन्मभर पाण्यासाठी पायपीट केलेल्या बाईला रिकामं पिंप दिसलं आणि वर त्याला पाइपाचं तोंड आहे, तिने दुसरं काय करावं?

साडू वर आले. पिंपाकडे पाहिलं, वाकून तळाला हात लावला, तर स्पीकरचा कागदी पडदा लगद्यासारखा हातात आला. तेवढ्यात बादली घेऊन गच्चीवरून आलेल्या ताईने खाणाखुणा करून आईला सगळं समजावलं होतं. सासूबाईंचा चेहरा इतकासा झाला. "उद्या मना जूचंद्रला सोडा," एवढंच त्या म्हणाल्या आणि टीव्हीकडे पाठ करून बसल्या. मला भीती वाटली ती साडूंची. ते स्टुलावर बसले आणि हाताचा लगदा फडक्याला पुसला. मग उठले, सासूबाईंच्या समोर गेले आणि तोंड मोठं करून म्हणाले, "आई, तुमचं काही चुकलं नाही. डिझाइन माझं चुकलं. चार दिवस थांबा." ताईच्या हातातली बादली खाली पडायची राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात "माझं चुकलं" हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आले होते. पिंपातलं पाणी मात्र वाया घालवलं नाही, धारेखाली बादल्या लावून धरलं. डांबराच्या वासाचं ते पाणी संडासासाठी दोन दिवस पुरलं.

दुसऱ्या दिवशी साडूंनी रजा टाकली, लॅमिंग्टन रोडला गेले आणि दुकानातून कोराकरकरीत, तयार स्पीकर विकत घेऊन आले. पावती सगळ्यांना दिसेल अशी टीव्हीवर ठेवली. कोणी चेष्टा करायच्या आत म्हणाले, "वेळ कमी होता." झाकणावरच्या पाइपाला त्यांनी बारीक जाळी ठोकली आणि वर लाल रंगात लिहिलं, 'पाणी भरू नये'. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, हे त्यांना रंग वाळल्यावर आठवलं.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी सीडी लावली. हळदीचा मांडव दिसला, सासऱ्यांनी ढोल गळ्यात घातला आणि पहिली थाप पडली. मांडणीवरचे डबे खणखणले, खिडकीच्या काचा थरथरल्या, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काय पडलं ते बघायला वर आले आणि दारातच उभे राहिले. सासूबाई नुसत्या पडद्याकडे पाहत होत्या. साडूंचं कपाळ घामाने भिजलं होतं. त्यांनी सासूबाईंना हाताला धरून उठवलं, पिंपाजवळ नेलं आणि त्यांचा तळवा पिंपावर ठेवला. त्या दचकल्या. मग दुसराही हात ठेवला. मग हळूच गाल टेकवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांना हसू आलं.

"तेंचाच हात हाय," त्या म्हणाल्या. "डावा जरा मागं पडतो. नेहमी पडायचा. सांगून दमले मी."

मग म्हणाल्या, "परत लावा."

किती वेळा लावली ते आठवत नाही. त्यानंतरचे तीन पावसाळे रोज दुपारी त्या पिंपाला गाल लावून बसायच्या. चौथ्या पावसाळ्याला त्या नव्हत्या.

परवा ताईकडे गेलो होतो. साडू आता निवृत्त झालेत. मुलाने नवं होम थिएटर आणलंय, भिंतीला चिकटणारं, सडपातळ. मी म्हटलं, "काय हो भाऊ, आवाज कसा आहे?" म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण हात कुठे ठेवायचा?" पिंप अजून कोपऱ्यात आहे. ताईने त्यावर विणलेला रुमाल घातलाय. साडूंनी तो घडी करून बाजूला ठेवला, जुनी सीडी शर्टाच्या बाहीने पुसली आणि लावली. हल्ली मलाही जरा कमीच ऐकू येतं, म्हणून मी खुर्ची पुढे ओढली आणि पिंपावर हात ठेवला. सासूबाईंचं खरं होतं. डावा हात जरा मागेच पडतो.